जो

बेलापूरच्या रेकॉर्ड रूममध्ये एक विंचू कामाला आहे.
हजेरीपटावर नाही, पेन्शन नाही.
शेपूट नाही म्हणून नांगी नाही,
नांगी टाकायचा प्रश्नच येत नाही.
भाजलेल्या तिळाएवढा,
आणि तिळाच्या पुढे दोन चिमटे, अंगापेक्षा लांब,
टोकांना विष,
वर उभे केस, हलणारी हवा ओळखायला.
डोळे असून नसल्यासारखे.

पहिल्यांदा दिसला तेव्हा मी फुंकर मारली.
तो सरळ मागे गेला, तोंड माझ्याकडेच ठेवून,
साहेबांच्या केबिनमधून आम्ही निघतो तसा.

मग जेवणाच्या सुट्टीत मी भिंग घेऊन बसू लागलो
(नातीचं, प्लास्टिकचं, गुलाबी दांड्याचं).
रुमाल सोडला की पुठ्ठ्याच्या कण्यात
वाळलेली खळ असते, आणि खळीत कसर,
पिठाच्या कणासारखी, चालणारी.
ती खळ खाते, मग कागद, मग कागदावरचं जे असेल ते.
तो तिला धरतो. थांबतो.
आतलं पातळ करून पितो
आणि टरफल तिथंच टाकतो, हिशेबाच्या रकान्यात.

कात टाकायची वेळ आली की
जबड्यातून रेशीम काढून, धुळीचे कण लिंपून
एक खोली बांधतो, बिनदाराची.
अंग वाढलं की भिंत फाडून बाहेर.
सिडकोनं इतक्या खोल्या बांधल्या,
इतकी मापाची एकही नाही.

एका बुधवारी, एकाहत्तर सालच्या फेरफारावर,
नरानं एक देठ उभा केला, केसाहून बारीक,
टोकाला थेंब.
आणि मागे सरला, थरथरत.
ती पुढे आली.
(दुसऱ्या दिवशी दुसरी आली नाही. देठ वाळला.)

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात.
हिचं पोटाखाली, पिशवीत,
पिल्लांना आतूनच काहीतरी पाजत राहते.
आणि गाव सोडायचं झालं
तर माशीचा पाय धरायचा.
तिकीट नाही, नोटीस नाही.
माशी उतरेल ते गाव.

मे महिन्यात धर्मीबाई माढवी आल्या, करावे गावच्या.
साडेबारा टक्क्यांची फाईल अडली होती,
बापाचं नाव पाहिजे, मूळ पानावरचं.
मिठागराची जमीन. आता तिथे पेट्रोल पंप.
मी रुमाल सोडला, पान काढलं.
नावाच्या जागी जाळी.
उरलं होतं ते एवढंच: जो
मग भोक,
मग पोशा माढवी.

जोमा, जोगा, जोत्या, कोणीही असेल.
म्हटलं, बाई, हे वाचता येत नाही.
‘मना कुठं वाचता येतंय,’ त्या म्हणाल्या,
‘तू बोट ठेव त्याच्यावर.’
मी ठेवलं.
माझ्या बोटाशेजारी त्यांनी त्यांचं ठेवलं,
मिठानं कधीच्या काळी चिरलेलं, अजून तसंच.

भोकाच्या काठावर तो बसला होता.
चिमटे उघडे. उशिरा पोचलेला.
‘यानं खाल्लं?’
‘नाही. ज्यांनी खाल्लं त्यांना हा खातो.’
त्या वाकल्या. बराच वेळ पाहिलं.
‘येवरासा हाय,’ म्हणाल्या, ‘आन एकलाच?’

‘नाव अवाचनीय’ असा शेरा मारायचा असतो.
शिक्का आहे त्यासाठी, तयार.
मी अजून मारलेला नाही.
शाळेत शिकवलं होतं,
वाक्यात जो आला की पुढे कुठेतरी
तो यावाच लागतो.

काल खिडकीच्या काचेवर माशी आपटत होती.
तिच्या मागच्या पायाला तिळाएवढं काही लोंबत होतं.
ही खिडकी अठ्ठ्याण्णव सालापासून उघडलेली नाही,
रंगानं चिकटलीय.
शिपाई घरत म्हणाला, राहू द्या साहेब, मरेल आपोआप.
मी त्याला पेचकस आणायला पाठवलं.